मार्चमध्ये येणारा निधी

मोह पडायला लागला की आमच्या शाळेत सरकारी पैसा येतो.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. मोह झाडाच्या वेळेने पडतो आणि पैसा कागदाच्या वेळेने. पण इतकी वर्षं दोन्ही एकाच पंधरवड्यात येताना पाहिली आहेत की माझ्या मनात त्यांची गाठ बसून गेली आहे. सकाळपाळीच्या शाळेला निघालो की गोंदियाच्या वेशीवर एका राइस मिलच्या मागे उरलेली मोहाची दोन झाडं लागतात. खाली एक म्हातारी टोपली घेऊन वाकलेली असते. उसन्या, म्हणजे उकडलेल्या, धानाचा वाफाळलेला वास आणि मोहाचा गोडसर, डोकं जड करणारा वास त्या वळणावर एकत्र होतात. वर बिरसीच्या विमानशाळेचं एखादं शिकाऊ विमान घरघरत गोल फिरत असतं. दहावीचे पेपर संपलेले असतात किंवा संपत आलेले असतात. आणि मला कळतं की आता एक-दोन दिवसांत पत्र येणार.

यंदा ते महिना संपायला चार दिवस उरले असताना आलं. ज्या कार्यालयातून आलं त्याचं नाव लिहीत नाही. नाव बदललं तरी पत्र तेच राहतं. शहरातल्या शाळकरी आणि कॉलेजच्या मुलांना तंबाखूपासून दूर ठेवण्यासाठी मंजूर झालेला निधी एकतीस मार्चपूर्वी खर्च व्हावा आणि शाळेने सोबतच्या नमुन्यात उपस्थितीचा दाखला द्यावा. खाली नमुना. कार्यक्रमाचं नाव, दिनांक, उपस्थित विद्यार्थ्यांची संख्या, नोडल शिक्षकाची सही. नोडल शिक्षक म्हणजे या विषयापुरता शाळेने नेमलेला माणूस. गेली अकरा वर्षं तो माणूस मी आहे. मी मराठी शिकवतो, ग्रंथालय सांभाळतो, फारसा बोलत नाही. अशा माणसाला अशी कामं मिळतात.

वाचायची सवय असल्यामुळे मी सरकारी पत्रही सावकाश, दोनदा वाचतो. त्या पत्रात खर्चाची तीन शीर्षकं होती. विद्यार्थ्यांची तोंडाची तपासणी. समुपदेशकाचं मानधन. प्रचार व प्रसिद्धी. पहिल्या दोहोंपुढे ‘वेळेअभावी शक्य नसल्यास वगळावे’ असं होतं. तिसऱ्यापुढे काहीच नव्हतं. मूळ मंजुरी लिहिताना कुणीतरी विचार केला असणार. कुठल्या तरी खोलीत, कुठल्या तरी शहाण्या माणसाने किंवा बाईने आधी तपासणी लिहिली, मग समुपदेशक, आणि सगळ्यात शेवटी प्रचार. त्या क्रमात अक्कल होती. मग वर्षभर तो पैसा कुठे बसून राहतो, कुठल्या सहीची वाट पाहतो, हे मला कधी कळलेलं नाही. एवढंच कळलं आहे की शाळेच्या दारात पोहोचतो तेव्हा त्याच्याजवळ चार दिवस उरलेले असतात. चार दिवसांत मुलाचा खर्रा सोडवता येत नाही. भिंत मात्र रंगवता येते.

मला रंगवलेल्या भिंतींचा राग येतो.

चेतन माझ्या बहिणीचा मुलगा. ताईचं सासर नवेगाव बांधचं, घरची धानाची शेती. सातवी झाल्यावर तिने त्याला माझ्याकडे गोंदियाला पाठवलं. “तू मास्तर आहेस. तुया नजरेखाली राहील,” ती म्हणाली. सहा वर्षं तो माझ्या नजरेखाली राहिला. माझ्या घरात जेवला, माझ्या शाळेत शिकला, सायकलवर माझ्या मागे बसून गेला. गेला म्हणजे शाळेत गेला. जगातून गेला तो चोविसाव्या वर्षी, तोंडाच्या कॅन्सरने, गेल्या दिवाळीच्या थोडं आधी.

मला त्याची आठवण येते ती दहावीच्या मार्चमधली. गोंदियाला येण्याआधीचे मार्च त्याच्या गावचे. तळ्याचं पाणी मागे सरकलेलं, काठाला भेगा पडलेल्या, पळस विझत आलेला. पहाटे ताई मोह वेचायला निघाली की चेतन पुढे पळायचा आणि झाडाखालून शीळ घालायचा. तळ्यावरच्या कुठल्याही पक्ष्याची शीळ तो घालू शकत असे, आणि ती इतकी हुबेहूब असायची की त्याचा आजोबा चिडून म्हणायचा, “अबे, ते पाखरं तुले शिव्या देऊन राहिले.” दहावीच्या वर्षी तो गच्चीवर अभ्यास करायचा. उन्हं उतरली की मी खालून ऐकायचो. पाठांतराचा आवाज यायचा. शीळ येत नव्हती. मला वाटलं, पोरगा गंभीर झाला.

त्याच्या गालात काहीतरी असायचं. मला वाटायचं सुपारी आहे. ‘वाटायचं’ हे क्रियापद मी आता स्वतःला फार वापरू देत नाही. गोंदियात राहणाऱ्या माणसाला गालातला खर्रा ओळखू येत नसेल तर तो आंधळा नव्हे, सोयीस्कर असतो.

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून पाटीवर घोटतात, घोटता घोटता ते गरम होतं, त्याला रबर लावतात आणि देतात. हा खर्रा. विकायला बंदी आहे आणि दर वीस पावलांवर मिळतो. आमच्याकडे त्याला कुणी व्यसन म्हणत नाही. तो पाहुणचार आहे. घरी माणूस आला की पाणी, मग पन्नी. सोयरीक ठरवायला, बांधाचं भांडण मिटवायला, मयतीला बसायला. समोरच्याने पुढे केलेली पन्नी नाकारणं म्हणजे त्याची जात, त्याचं घर, त्याचा हात नाकारणं. पोरं दारू चोरून पितात. खर्रा ती मोठ्यांच्या हातून घेतात.

शेवटच्या पेपरच्या दिवशी मी चौकातून आलूबोंडे आणले. चेतन एकेक बोंडा ताटात फोडत होता आणि चिमटीने तुकडे तोंडात सरकवत होता. माझी बायको वर्षा हसली. “काय रे, पोपटासारखा खाऊन राहिला?”

“गरम आहे ना, मामी.”

“गोंदियात येऊन साहेब झाला हा,” मी म्हणालो. “याला आता काटा-चमचा आणू.”

तोही हसला, ओठ मिटून. आम्ही तिघंही हसत होतो आणि त्याचा जबडा आमच्या डोळ्यांसमोर बंद होत होता. बोंडे गार झाले होते. मी स्वतः खाल्ले होते, मला माहीत होतं.

त्याच दिवशी सकाळी आमच्या शाळेची तंबाखूविरोधी रॅली निघाली होती, असं कागदावर आहे. रॅली खरी म्हणजे बॅनर होता, चार शिक्षक होते आणि सहावीची एक रांग होती. दाखल्यावर मी शाळेचा सगळा पट उतरवला, ‘उपस्थित विद्यार्थी : तीनशे’, आणि सही केली. सगळ्याच शाळा तसं लिहीत. त्या तीनशेत चेतन होता. तो त्या वेळी दुसऱ्या शाळेतल्या केंद्रावर भूगोलाचा पेपर लिहीत बसला होता, पण माझ्या अक्षरात तो रॅलीत चालत होता, घोषणा देत होता, वाचत होता.

दोन वर्षांनी दातांच्या डॉक्टरने त्याला सांगितलं, “तीन बोटं एकावर एक, उभी, तोंडात घाल.” दीड बोट गेलं. डॉक्टर म्हणाला, माणसाचं तोंड त्याच्या स्वतःच्या तीन बोटांइतकं उघडायला पाहिजे, हे इतकं सोपं आहे, कुणीही पाहू शकतं. कुणीही. एक मास्तर पाहू शकतो. त्याला यंत्र लागत नाही, कोटेशन लागत नाही. मी घरी येऊन आरशासमोर माझी तीन बोटं घातली. सहज गेली. मला माझ्या तोंडाची शिसारी आली.

पुढचं लिहिण्यासारखं नाही. नागपूरच्या खेपा, किरणं, पातळ केलेली डाळ, शेवटी पाटीवर लिहून बोलणं. ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासमोर मला त्याला उघडं करायचं नाही.

पण तेरवीचं लिहायला हवं.

ताईच्या दिराने सामानाची यादी माझ्या हातात दिली. तांदूळ, बेसन, वांगी, तेल, पत्रावळी. सगळ्यात खाली, ‘खर्रा, शंभर पुड्या’. मी ती यादी घेऊन बाजारात गेलो. मी यादी वाचली होती. मी सगळं सावकाश, दोनदा वाचतो. ठेल्यावर उभा राहिलो आणि शंभर पुड्या मागितल्या.

“लगन आहे का, सर?” ठेलेवाल्याने विचारलं.

“तेरवी.”

“अरेरे. कोनाची?”

“भाच्याची.”

“कायनं गेला?”

मी म्हणालो, “आजारानं.”

“चांगला घोटून देतो, सर,” तो म्हणाला. “तेरवीचे पाहुणे आहेत. खराब माल देल्लं तं बरं नाही दिसत.” आणि तो मन लावून घोटत बसला. त्याच्या आवाजात खरी सहानुभूती होती.

मांडवात जेवणं उठली आणि ताईचा दीर पुड्यांचं ताट घेऊन निघाला. बायांमधून ताई उठली. तिने ताटाकडे पाहिलं, मग दिराकडे नाही, माझ्याकडे.

“काऊन आनला?”

“यादीत होता.”

“यादीत होता.” तिने ते शब्द एकदा तोंडात घोळवून पाहिले. “तू तं शिकलेला ना रे?”

मला वाटलं ती ताट भिरकावेल. भिरकावलं असतं तर आज मला कदाचित थोडी शांत झोप लागली असती. पण पहिल्या ओळीत तिचा सासरा बसला होता, त्याच्या शेजारी मोठ्या जावेचे भाऊ, तिरोड्याहून सकाळी निघून आलेले. माणसं थांबली होती. ताईने ताट दिराच्या हातातून घेतलं आणि स्वतः पुढे केलं. तिने आपल्या मुलाच्या तेरवीला, आपल्या हाताने, एकेकाला पुडी दिली. घेणाऱ्यांनी माना खाली घातल्या आणि घेतली. कुणीही नाही म्हणालं नाही. नाही म्हणणं अपमान झाला असता.

त्या दिवसापासून मी ‘यादीत होतं’, ‘नमुन्यात होतं’, ‘पत्रात होतं’ हे शब्द ऐकले की माझे कान तापतात.

म्हणून यंदा पत्र घेऊन मी त्या कार्यालयात गेलो. अकरा वर्षांत पहिल्यांदा. टेबलामागचा बाबू चांगला माणूस होता. हे लिहायलाच हवं, कारण राग आला की माणूस राक्षस शोधतो आणि तिथे राक्षस नव्हता. त्याने खुर्ची दिली, पाणी मागवलं.

मी म्हणालो, “या पैशातून मुलांची तोंडं तपासू. दातांचा एक डॉक्टर अर्धा दिवस शाळेत आणू. ज्यांना गरज निघेल त्यांच्या दवाखान्यात जाण्यायेण्याची सोय करू. रॅली नको.” इतकं सलग मी वर्गाबाहेर क्वचित बोलतो.

“सरजी, आपकी बात सौ टका सही है,” तो म्हणाला. “पन तपासणीचा हेड अलग, प्रचाराचा अलग. तपासणीले वरून परवानगी लागते, डॉक्टरचं पत्र लागते, मानधनाचा दर मंजूर करा लागते. चार दिन में कहाँ होगा? रॅली होते. भिंत होते. टी-शर्ट तं छापून तयार आहेत.”

“मग एप्रिलमध्ये करा.”

“एप्रिलमध्ये पैसा कुठं राह्यते, सर? एकतीसले वापस.” मग तो जरा पुढे वाकून आपलेपणाने म्हणाला, “खर्च नाही झाला तं पुढच्या वर्षी कमी येते. वर असंच समजतात, का गोंदियाले गरज नाही.”

बोलता बोलता त्याने ड्रॉवर ओढला, पन्नी काढली, सवयीने आधी माझ्यापुढे धरली. मी तिच्याकडे पाहत राहिलो. त्याच्या लक्षात आलं. तो लाजला, खरंच लाजला. “आदत है, सर. पोरांना लागू नये म्हनूनच तं हे सगळं चालू आहे.”

गरज नाही. ते दोन शब्द मी परतताना सायकलवर चघळत होतो. ज्या शहरात पाचवीच्या पोरांच्या दप्तरात पन्नी सापडते, त्या शहराच्या कपाळावर वरच्या कुणीतरी ‘गरज नाही’ असं लिहू नये म्हणून आपण टी-शर्ट छापायचे.

दुसऱ्या दिवशी शाळेपुढे पिवळी रेषा आखायला पेंटर आला. शाळेच्या फाटकापासून शंभर यार्डांत तंबाखू विकायची नाही, असा नियम आहे, आणि त्या हद्दीची खूण म्हणून ती रेषा. फाटकासमोर, माझ्या पावलांनी तिसाव्या पावलावर, एक ठेला आहे. सुट्टीनंतर पाहिलं तर रेषा ठेल्यापर्यंत सरळ आली होती, तिथे आतल्या बाजूला वळून, ठेल्याला वळसा घालून, पुढे पुन्हा सरळ झाली होती. ठेला हद्दीबाहेर. पेंटर त्याच ठेल्याच्या बाकावर चहा पीत होता.

“हे असं का वळवलं?”

“ठेला मधात येऊन राह्यला होता, सर.”

“मधात येतो म्हणूनच तर रेषा काढायची ना?”

तो विचारात पडला. “मले रेषा काढाले सांगतलं,” तो म्हणाला. “ठेला हटवाले कोनी नाही सांगतलं.”

ठेलेवाला हसून म्हणाला, “राहू द्या ना, सर. आता तं कायद्यानंच जागा देल्ली.”

रॅली साडेबाराला आली. सकाळपाळीची शाळा अकराला सुटते, हे पत्र पाठवणाऱ्यांना माहीत असायला हवं होतं, कारण सकाळपाळीचा आदेश वेगळ्या पत्राने आलेला असतो. फाटकासमोर गाडी थांबली. फोटोवाला उतरला, बॅनर उतरला, टी-शर्टांचं बोचकं उतरलं.

“पोरं कुठं आहेत?”

“घरी,” मी म्हणालो.

“अरे यार.”

मग कोपऱ्यावरच्या ऑटोवाल्यांना बोलावलं. फुकट टी-शर्ट म्हटल्यावर ते आले, खाकी शर्टावरूनच चढवले. शपथ वाचली गेली. हात पुढे करण्याआधी त्यांतल्या एकाने शिस्तीत बाजूला जाऊन पिंक टाकली, तोंड पुसलं आणि रांगेत येऊन उभा राहिला. त्याला शपथेचा मान ठेवायचा होता. फोटो निघाले. दहा मिनिटांत रस्ता पुन्हा रिकामा, नुसतं ऊन.

दुपारी हेडसरांनी दाखला माझ्यापुढे सरकवला. ते निवृत्तीला आलेले, भले, थकलेले गृहस्थ. मी सही करणार नाही म्हणालो.

“तुम्ही दुःखात आहात. मी समजतो.”

दुःख हा शब्द लोक खोलीसारखा वापरतात. तुम्हाला आत ढकलतात आणि बाहेरून कडी लावतात. दुःखी माणूस जे बोलतो ते दुःख बोलतं, असं ठरलं की ऐकावं लागत नाही. “दुःखात नाही, सर,” मी म्हणालो. “रागात आहे.”

त्यांनी दाखल्यावर बोट ठेवलं. “सही नाही केली तर पैसे परत जातील. पुढच्या वर्षी यादीत आपल्या शाळेचं नाव राहणार नाही. मग तुमची तपासणी कधीच होणार नाही. खोटी सही केली तर निदान नाव राहतं. विचार करा.”

मी रात्रभर नाही, पण संध्याकाळभर विचार केला. त्यांचं म्हणणं मूर्खपणाचं नव्हतं. खोटं बोलून जागा धरून ठेवायची, म्हणजे कधीतरी खरं काही करता येईल. अकरा वर्षं मी हेच तर केलं होतं. जागा धरून ठेवली होती. त्या जागेवर बसायला जो होता तोच गेला.

एकतीस मार्चला सकाळी मी नववीचा एक वर्ग ग्रंथालयात आणला. चाळीस मुलं. पुस्तकांची कपाटं आणि लांब टेबल. मी म्हणालो, “आज वाचायचं नाही. हात धुऊन या. तीन बोटं एकावर एक ठेवा, उभी, आणि तोंडात घाला.”

ग्रंथालयात इतका हशा कधी झाला नव्हता. मुली तोंडावर ओढण्या धरून, पोरं एकमेकांना कोपरं मारत. “सर, याचं तोंड तं तळं आहे, पाचही बोटं जातील!” मी रांगेने पाहत गेलो. बहुतेकांची गेली. पहिल्या मुलाची गेली नाहीत तेव्हा हशा थोडा कमी झाला. दुसऱ्याच्या वेळी आणखी कमी झाला. ज्यांची जात नव्हती त्यांना ते आधीपासून ठाऊक होतं. ते रांगेत मागे मागे सरकत होते.

रोशन नावाचा एक मुलगा आहे, उंच, कबड्डी खेळतो. त्याने बोटं तिरकी करून, एकमेकांत दाबून, अंगठ्याने ढकलून पाहिली. डोळ्यांत पाणी आलं.

“सरळ धर,” मी म्हणालो.

“जाऊन राह्यली ना, सर.”

“सरळ.”

दोन गेली. तिसरं दातांवर अडलं. त्याने हात खाली घेतला, मागच्या मुलांकडे पाहिलं आणि हसत म्हणाला, “दोन गेली, सर. ग्रेस देऊन पास करा ना.”

वर्ग खदखदून हसला. परीक्षेचे दिवस आहेत, पोरांना तोंडात दुसरा शब्द सापडत नाही. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याला पोटाशी धरावंसं वाटलं. मी दोन्ही केलं नाही. वहीत त्याचं नाव लिहिलं.

चाळिसांत सहा नावं झाली. सगळे गेल्यावर प्रणाली नावाची मुलगी मागे थांबली. तिची तीनही बोटं गेली होती. “सर, मी खर्रा नाही खात,” ती म्हणाली. “गुडाखूनं दात घासतो. आजी घासते म्हनून. दिवसातून चारदा. ते पन त्यातच येते का?” गुडाखू म्हणजे तंबाखूची गुळात मळलेली काळी पेस्ट. मी म्हणालो, येते. ती म्हणाली, “मंग आमच्या घरी सगळेच येतात.” मी तिचंही नाव लिहिलं.

मग दाखला घेतला. ‘उपस्थित विद्यार्थ्यांची संख्या’ या रकान्यात ‘शून्य’ लिहिलं, अक्षरी. खाली जागा होती तिथे लिहिलं, ‘आज सकाळी नववीच्या चाळीस विद्यार्थ्यांची तोंडं पाहिली. सहा जणांचं तोंड पुरेसं उघडत नाही. एक मुलगी दिवसातून चार वेळा गुडाखू वापरते. या सात जणांच्या उपचारासाठी निधी मिळावा.’ आणि सही केली. कागद हेडसरांच्या टेबलावर ठेवून घरी आलो.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाज ओशाळा होता. “तुमचा कागद ते घेईनात. शून्य चालत नाही म्हणाले, बिल अडकतं. दुसरा नमुना पाठवला त्यांनी. खेळाच्या सरांनी सही केली. दोनशे ऐंशी लिहिले. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.”

“आणि माझा कागद?”

“आहे. फाइलला लावतो.”

फोन ठेवून मी बराच वेळ अंगणात बसलो. दोनशे ऐंशी मुलं त्या रिकाम्या रस्त्यावर साडेबाराच्या उन्हात चालत राहिली, कायमची, सरकारच्या दप्तरात. शपथ घेत राहिली. त्यांना काहीही होणार नाही. रोशन त्यांच्यात आहे. प्रणाली आहे. कागदावरची मुलं फार निरोगी असतात.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. सात घरी निरोप दिला होता, तिघं आली. एकाच्या वडिलांनी सांगितलं, आमच्या पोराला काही होत नाही, माझे दात पहा. एकीकडे दाराला कुलूप होतं. बाकीच्यांनी येतो म्हटलं आणि आले नाहीत. ऑटोत रोशन, त्याची आई, प्रणाली, दुसरा एक मुलगा आणि मी. रोशनची आई घरी विड्या वळते. वाटभर तिची बोटं मांडीवर हलत होती. “आजचा दिवस बुडाला, सर,” ती म्हणाली, तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून. मग रोशनला म्हणाली, “अन् तू कायले हसून राह्यला? तमाशाले चाल्लो का आपन?”

सरकारी दवाखान्यात दातांच्या विभागात एक तरुण डॉक्टर बाई होत्या. त्यांनी सावकाश पाहिलं, घाई केली नाही. प्रणालीला बाहेर बसवून समजावलं. रोशनचा गाल आतून बोटाने चाचपला, पट्टीने तोंड मोजलं, आणि त्याच्या आईकडे वळून म्हणाल्या, “वेळेवर आणलंत. खर्रा आजपासून पूर्ण बंद. गालात इंजेक्शनं द्यावी लागतील, तोंडाचा व्यायाम शिकवू. दर आठवड्याला यायचं. सहा महिने तरी. चुकवायचं नाही.”

“दर आठोड्याले?” आई म्हणाली. तिने मनातल्या मनात काहीतरी जुळवून पाहिलं आणि ते जुळलं नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. “येकडाव आली, बाई. दर आठोड्याले कशी येऊ?”

डॉक्टर बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “सर, शाळकरी मुलांच्या तंबाखूसाठी शहराला वेगळा निधी असतो ना? त्यातून यांच्या येण्याजाण्याचं करता येईल. तुमच्या शाळेला नसतो का तो?”

“असतो,” मी म्हणालो. “काल संपला.”